गाडीचा नमस्कार

३ नोव्हेंबर, सोमवार

ज्याच्या श्वासावर हे चराचर उभे आहे आणि ज्याने तो श्वास आवरून घेताच सारे हळूच खाली बसते, त्या कृपाळू परमेश्वराला प्रथम वंदन. त्याने सद्बुद्धी दिली तर हातून होणारी निवड सात्त्विक होईल. न दिली, तर निदान घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवण्याचे धैर्य तरी द्यावे.

विषय मात्र अध्यात्माचा नाही. विषय मोटारीचा आहे.

आमची मोटार जुनी, पण जातिवंत. मूळची ती माझ्या मेहुण्यांची. ते दूर आपल्या मुलाकडे कायमचे राहावयास गेले, तेव्हा हिच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, मणक्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. जाताना किल्ली हिच्या हातावर ठेवून म्हणाले, "ताई, तुझ्या पाठीला हीच मानवेल." कागदोपत्री गाडी हिच्याच नावावर आहे. चालवतो मी, म्हणून लोक तिला 'गुरुजींची गाडी' म्हणतात. आणि हल्ली मीही तसेच म्हणू लागलो आहे.

ही गाडी पोलादी स्प्रिंगांवर नव्हे, हवेवर उभी असते. प्रत्येक चाकापाशी जाड रबराचा एकेक फुगा आहे आणि एक छोटा कॉम्प्रेसर त्या फुग्यांत हवा भरत राहतो. त्यामुळे रस्त्यावरचा खड्डा आत बसलेल्याला केवळ बातमीसारखा कळतो. शेजारच्या आसनाची पाठ मागे कलंडून ही निजते आणि आम्ही फिजिओथेरपीला जातो, शनिवारी माझ्या निरूपणाला जातो. दुसऱ्या कोणत्याही वाहनात ती पाच मिनिटेही बसू शकत नाही.

आज गॅरेजात मेस्त्रींनी गाडी वर उचलून पाहिली. हा गृहस्थ बोलण्यात कोणाला हार जाणारा नाही.

"गुरुजी, पुढचे दोन्ही फुगे गेले. रबराला भेगा पडल्यात. गाडी बंद करून ठेवली की थोड्या वेळात नाक टेकते, बरोबर?"

"नाक टेकते, असे म्हणता येईल."

"म्हणता काय येईल, टेकतेच! सकाळी बघत जा, रुसलेल्या म्हशीसारखी तोंड खाली घालून बसलेली असेल."

मार्ग तीन आहेत, असे ते म्हणाले. कंपनीचे नवे फुगे घालावेत. किंवा कोणी जुन्यावर नवे रबर चढवून दुरुस्त केलेले विकतो, ते घ्यावेत. किंवा फुग्यांची कटकटच काढून टाकून पोलादी स्प्रिंगा बसवाव्यात. त्यांचा ओढा तिसऱ्याकडे. "गाडी तुम्हाला मला पुरून उरेल," म्हणाले.

मी विचार करून सांगतो म्हटले. शास्त्रार्थाची जी रीत आम्हांला शिकवली गेली (आधी संशय मांडावा, मग पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष आणि शेवटी निर्णय), तीच येथेही लावावी असे वाटते. रीत बरोबर असेल तर विषय रबराचा असला म्हणून काय बिघडले?

८ नोव्हेंबर, शनिवार

निरूपण चांगले झाले. सभागृहाच्या पायऱ्या उतरत होतो, तोच मागे मोठ्या बाई थबकल्या. या येथल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सारी वस्ती त्यांना मोठ्या बाई म्हणते आणि त्यांच्यापुढे अजूनही सरळ उभी राहते.

"अगंबाई, हे बघा तरी! येताना गाडी कशी ताठ होती, मी स्वतः पाहिली. आता बघा, मान खाली घालून बसलीय."

"एवढा वेळ निरूपण ऐकलं ना तिने," कोणीतरी म्हणाले.

लोक हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात जोडले.

मीही हसलो. ज्याने त्याने आपापल्या परीने अर्थ घ्यावा, असे ते हसणे होते. मग गाडी सुरू केली. कॉम्प्रेसर घुमू लागला आणि गाडीचे नाक सावकाश वर आले, तेव्हा मागे एक दीर्घ 'आ' उमटला. "आशीर्वाद घेऊन उठली!" असे शब्द मी स्पष्ट ऐकले.

वाटेत ही म्हणाली, "अहो, फुगे फुटलेत म्हणून सांगितलं का नाही त्यांना?"

"थट्टा होती ती. थट्टेचा खुलासा करायचा नसतो."

"बाईंनी हात जोडले होते."

"वय झाले आहे त्यांचे."

"तुमच्यापेक्षा लहान आहेत त्या."



११ नोव्हेंबर, मंगळवार

पूर्वपक्ष: पोलादी स्प्रिंग बसवावी. ती गळत नाही, फुटत नाही, तिला कॉम्प्रेसर लागत नाही. उत्तरपक्ष: ती कठीण आहे, रस्त्याचा प्रत्येक दगड ती जशाचा तसा आत पोहोचवील. हिच्या पाठीचे काय? जे टिकाऊपण दुसऱ्याच्या वेदनेवर उभे राहते, ते टिकाऊपणच नव्हे. हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडले. हिलाही वाचून दाखवले. शनिवारी वापरता येईल.

तेव्हा स्प्रिंग बाद. उरले नवे फुगे आणि दुरुस्त केलेले फुगे. दुरुस्त केलेल्यांत सांगाडा जुना, त्यावर कोणाचा हात फिरला हे अज्ञात. नव्यांत वेगळीच शंका: रबर दुकानात पडूनही म्हातारे होते. ते केव्हा घडवले गेले, कोठे ठेवले होते, ऊन लागले की नाही, हे कसे कळावे? मेस्त्रींना फोन करून या शंका घातल्या.

"गुरुजी, तुम्ही फुगा बघताय का मुलीसाठी स्थळ?"

"सावधपणा बरा असतो."

"असू द्या. पण रबर तुमची पत्रिका जुळेपर्यंत थांबणार नाही."

हिने आतून विचारले, "मागवले का?"

"विचार चालू आहे."

"हं," म्हणाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज गाडी नेहमीच्या कोपऱ्यात न लावता दारासमोर, पायऱ्यांकडे तोंड करून लावली. तेथे सावली असते.

ही म्हणाली, "संध्याकाळी कसली सावली?"

श्रोते नेहमीपेक्षा पुष्कळ होते. कित्येक चेहरे अनोळखी. विषय नम्रतेचा. निरूपण आज थोडे लांबले, परंतु विषयच तसा होता. बाहेर आलो तेव्हा गाडीचे नाक पुरते खाली गेले होते आणि पायऱ्यांवर लोक शांत उभे होते, जसे गाभाऱ्यासमोर उभे असतात. एका आईने कडेवरच्या मुलाचे दोन्ही हात धरून गाडीपुढे जोडले.

खरे लिहायचे तर माझ्या पोटात काहीतरी गोड हलले. इतकी वर्षे मी बोलतो आहे. माझ्या बोलण्याने कोणी असे स्तब्ध झालेले मला आठवत नाही.

ही श्रद्धा आहे, आणि श्रद्धेला धक्का लावण्याचा अधिकार मला आहे काय? या प्रश्नाचाही शास्त्रोक्त विचार झाला पाहिजे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मेस्त्रींनी रस्त्यातच गाठले. गाडीच्या खिडकीवर दोन्ही कोपर टेकून उभे राहिले.

"गुरुजी, फुगा गळतो, कॉम्प्रेसर भरतो. पुन्हा गळतो, पुन्हा भरतो. त्या बिचाऱ्याला दम खायला वेळ नाही. एक दिवस तो जळणार, आणि जळेल तो घरासमोर नाही जळणार, भर रस्त्यात जळेल. तो पिवळा दिवा लागतोय ना समोर?"

"लागतो अधूनमधून."

"मग मागवू का?"

"शनिवारनंतर पाहू."

"शनिवारी काय आहे?"

"निरूपण."

"मग निरूपण कोण करतं, तुम्ही का गाडी?"

उत्तर द्यावे इतका तो प्रश्न मला महत्त्वाचा वाटला नाही. तरी दिवसभर तो डोक्यातून गेला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज एका तरुण गृहस्थाने सर्वांसमक्ष उभे राहून विचारले, "गुरुजी, रागावू नका, पण गाडीला खरंच कळतं का हो?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हीच वेळ होती. 'रबराला भेगा पडल्या आहेत, बाबा रे' एवढे बोललो असतो तर पुरे होते. मी म्हणालो, "ज्याला आपण जड म्हणून हिणवतो, त्याच्यावरही सहवासाचा संस्कार होत असतो."

या वाक्यात असत्य असे कोठेच नाही. मी ते घरी येऊन पुन्हा तपासून पाहिले.

मोठ्या बाईंनी पदराने डोळे टिपले. शेवटच्या रांगेत, उशी घातलेल्या खुर्चीवर ही बसली होती; ती तेवढ्यात उठली, काठी घेतली आणि एकटीच पायऱ्या उतरून गाडीत जाऊन बसली. हात धरायला मी जाऊ शकलो नाही. लोक पाया पडत होते.

वाटेत विचारले, "पाठ दुखते का?"

"पाठ नाही."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज लिहवत नाही. ही निजून आहे. डॉक्टर येऊन गेले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

लिहिले पाहिजे. पहिल्या दिवशी जे धैर्य मागितले होते, ते याच पानासाठी होते, असे दिसते.

काल फिजिओथेरपीला निघालो. बाजाराचा रस्ता पाइपांसाठी खोदलेला आहे. मधेच कॉम्प्रेसरचा आवाज थांबला. पिवळा दिवा लाल झाला आणि चालत्या गाडीचे नाक खाली बसले. आता चाक आणि गाडी यांच्यात हवा उरलीच नव्हती. फक्त एक कठीण ठोकळा होता. पहिला खड्डा असा लागला, की माझे दात एकमेकांवर आपटले.  शेजारी निजलेल्या हिने दाराची मूठ पकडली.

"थांबवा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आलेच आता."

दुसरा खड्डा. "अहो, थांबवा ना."

मी थांबवली नाही. थांबवता आली असती. रस्त्याच्या कडेला जागा होती, मागे वाहन नव्हते. मी का थांबवली नाही, ते येथे लिहितो. कारण डॉक्टरांना सांगितले नाही आणि हिलाही सांगितलेले नाही. त्या जागी मोठ्या बाईंचे घर आहे. त्या व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. मी तेथे थांबलो असतो, तर त्या धावत आल्या असत्या, मेस्त्री आले असते, गाडीचे तोंड उघडले गेले असते आणि तिची मान कशाने झुकते ते भर दिवसा रस्त्यावर मांडले गेले असते. म्हणून मी मान वळवली आणि गाडी पुढे नेली. ते घर मागे पडेपर्यंत आणखी किती खड्डे गेले ते मी मोजले नाहीत. तिने मोजले असतील.

तिने तिसऱ्यांदा थांबवा म्हटले नाही.

रुग्णालयाच्या फाटकाशी स्ट्रेचर आणावे लागले. तपासून रुग्णवाहिकेने घरी पोहोचवले. नसेवर सूज आली आहे. पूर्ण विश्रांती. उजव्या पायाची बोटे तिला जाणवत नाहीत. ती जाणीव परत आली तर ठीक. न आली तर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि या वयात तिचा भरवसा डॉक्टर देत नाहीत.

आज सकाळी तिच्या पायाशी बसून एकेक बोट दाबत विचारले, "हे? हे?" ती छताकडे पाहत "नाही" म्हणत राहिली. आवाजात राग असता तर बरे वाटले असते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

निरूपणाला गेलो नाही. प्रकृतीचे कारण कळवले. कोणाची प्रकृती, ते कळवले नाही.

संध्याकाळी मोठ्या बाईंचा फोन. "गुरुजी, अजिबात काळजी करू नका. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. गाडी नव्हती, म्हणून ती जिथे उभी असते ना, त्या जागेकडे तोंड करून केली."

फोन ठेवला. एवढे अढळ निरागसपण त्यांच्यात मुळातच होते, की ते मी त्यांच्यात घातले?

निर्णय झाला. पोलादी स्प्रिंगा. जे झुकते ते आता नकोच. प्रत्येक खड्डा अंगावर यावा आणि दर खड्ड्याला माझे मला आठवावे. मेस्त्रींना तसे सांगितले.

"आता कसं बोललात! बसवू द्या एकदा, भूकंप झाला तरी मान हलायची नाही."

या साऱ्या दिवसांत आज प्रथमच मन हलके झाले.

२ डिसेंबर, मंगळवार

अंगठ्याला थोडी जाणीव आली आहे! सकाळी दाबला तर "हो, आहे," म्हणाली. देवाची दया. त्या आनंदात मी तिला माझा निर्णय सांगितला. शब्द जरा जड झाले असतील. मन भरून आले होते.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "पोलादी कशाला?"

"म्हणजे पुन्हा कधी झुकणार नाही. तो खेळच संपला."

"आणि खड्डा?"

"सोसू. तेच माझे प्रायश्चित्त."

"सोसू म्हणजे कोण सोसणार?"

मी पांघरुणाचे टोक सारखे करू लागलो.

"प्रायश्चित्त तुमचं, आणि मणका माझा?" ती उशीवरून मान न हलवता म्हणाली. "छान आहे की. मागे स्प्रिंगा नको होत्या, तेव्हा माझी पाठ पुढे केलीत. एवढं मोठं वाक्य केलंत तिच्यावर, वाचून दाखवलंत. आता स्प्रिंगा हव्यात, तर पाठ कुठे गेली?"

माझी मान खाली गेली. खाली गेली, हे मला कळले, आणि ती वर उचलण्याचीही लाज वाटली.

"मेस्त्रीला विचारलंत, शास्त्राला विचारलंत. मला एकदा तरी विचारलंत का हो? गाडीत निजते कोण?"

"मग सांग," मी म्हणालो. "तुला काय हवे?"

आणि तिने सांगितले, न अडखळता. "कंपनीचे नवे फुगे. ताज्या रबराचे, डब्यावर तारीख असते, ती मेस्त्रीला बघायला सांगा, तुम्ही बघू नका. कॉम्प्रेसर नवा. हवेच्या नळ्याही नव्या. जुन्या नळ्या ठेवून नवे फुगे पुन्हा गळायला नकोत. आणि चाक धरणाऱ्या त्या खालच्या दांड्याचे, आर्मचे, रबरी बुश बदला, वळताना करकरतात. ते मात्र साधेच घाला, कडक नकोत. कडक जास्त टिकतात, पण त्यांचा हादरा वर येतो."

"हे सारे तुला कसे ठाऊक?"

"तुम्ही बाहेर फोनवर वाद घालता, मी आत पडून ऐकते. मेस्त्री ओरडून बोलतो. दुसरं काय करणार पडल्या पडल्या?"

"पण फुगे ते फुगेच. किती टिकतील?"

"माझ्यापुरते टिकले की झालं," ती म्हणाली, आणि कूस बदलण्यासाठी हात पुढे केला.

मेस्त्रींना फोन करून स्प्रिंगा नकोत म्हणालो. ते बराच वेळ बोलले. सारे येथे लिहिण्याजोगे नाही. शेवटी म्हणाले, "गुरुजी, उद्या पुन्हा बदलणार नाही ना?"

"हा निर्णय माझा नाही, हिचा आहे."

"असं होय? मग पक्का धरतो."

६ डिसेंबर, शनिवार

गाडी मेस्त्रींकडे आहे. सभागृहाला पायी गेलो. हातात कापडी पिशवी आणि तिच्यात उतरवलेला जुना फुगा. "भंगारात जायचाय, खुशाल न्या," मेस्त्री म्हणाले होते.

सभागृह भरले होते. मी आसनावर न बसता उभा राहिलो, पिशवीतून फुगा काढून समोरच्या मेजावर ठेवला. काळा, मळका, हत्तीच्या कातडीसारखा सुरकुतलेला. बोटाने ताणून भेगा दाखवल्या.

"गाडी झुकत होती ती यामुळे," मी म्हणालो. "यातून हवा जात होती. गाडीला काही कळत नव्हते. मला कळत होते. पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तुम्ही हात जोडलेत ते मला आवडले, म्हणून मी दुरुस्ती पुढे ढकलली. दारासमोर गाडी लावली तीही त्यासाठीच. त्या दिरंगाईने माझी पत्नी आज अंथरुणावर आहे. तिने थांबवा म्हटले आणि मी थांबलो नाही, कारण, बाई, वाटेत तुमचे घर होते आणि मला तुमच्या नजरेतून उतरायचे नव्हते."

इतके बोलून थांबलो. आता कोणी उठून जाईल, कोणी चार शब्द सुनावील, असे वाटले. मी त्याची वाट पाहत होतो.

मोठ्या बाई उठल्या. डोळे भरलेले. सावकाश पुढे आल्या.

"असं कोण बोलतं हो हल्ली?" त्या सर्वांकडे वळून म्हणाल्या. "इतकं लहान करून घेतलं त्यांनी स्वतःला. यालाच म्हणतात नम्रता!"

आणि वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला. त्यांच्यामागे रांग लागली. "बाई, मी खोटे वागलो, असे सांगतो आहे," मी म्हणत होतो. "हो हो, कळलं आम्हाला," लोक म्हणत होते आणि वाकत होते. कोणी मेजावरच्या त्या मळक्या रबराला स्पर्श करून बोटे कपाळाला लावली. व्यवस्थापक जवळ येऊन हळूच म्हणाले, "हे इथेच राहू द्या ना. काचेच्या पेटीत ठेवू."

मी फुगा पिशवीत कोंबला आणि निघालो. कोपऱ्यावर कचऱ्याची पेटी होती. तिच्यात टाकावा म्हटले, तर मागून दोघे येत होते. त्यांनी तो उचलून नेला असता. म्हणून घरी आणला.

अजून एक लिहायचे राहिले, आणि तेच सर्वांत वाईट आहे. ती रांग वाकत असताना माझ्या पोटात ते गोड काहीतरी पुन्हा हलले.

७ डिसेंबर, रविवार

हिला सारे सांगितले. मोठ्या बाईंच्या घराचेही. तो भाग ऐकताना तिने डोळे मिटून घेतले.

"मला वाटलंच होतं," म्हणाली. "तुम्ही मान फिरवलीत, तेव्हा मी व्हरांडा पाहिला होता."

बारा दिवस हे तिला ठाऊक होते आणि ती मला पाणी मागत होती, औषध मागत होती.

मी म्हणालो, "लोकांना खरे पटतच नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा अधिक स्पष्ट सांगतो."

तेव्हा ती हसली. पाठ दुखेल म्हणून पोट धरून, जपून हसली. "पुन्हा? दर शनिवारी एक कबुली? पेटी कमी पडेल हो त्यांना. अहो, तुम्ही जितकं बोलाल तितके ते वाकतील आणि तितकं तुम्हाला बरं वाटेल. जरा गप्प बसता येतं का बघा."

यावर मी चिंतन, मनन सर्व करून पाहिले. तिच्या म्हणण्याला उत्तरपक्ष सापडला नाही. निरूपण दुसऱ्या शास्त्रीबुवांकडे सोपवले. कारण विचारले तर "घरी काम आहे" एवढेच सांगितले. खरोखरच आहे.

२० डिसेंबर, शनिवार

गाडी परवा आली. नवे फुगे, नवा कॉम्प्रेसर, नव्या नळ्या, मऊ बुश. डब्यावरची तारीख मेस्त्रींनी पाहिली. मी विचारलीसुद्धा नाही. दोन रात्री अंगणात उभी आहे. जशी लावली तशीच आहे.

चार बोटे परत आली आहेत. करंगळी अजून नाही. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रियेचे तूर्त टळले.

संध्याकाळी ही म्हणाली, "मला बाहेर न्या."

"डॉक्टरांकडे?"

"डॉक्टरांकडे नाही, सभागृहाकडे नाही. नुसतं बाहेर. आणि वाटेत एक अक्षर बोलायचं नाही."

तिला उचलून शेजारच्या आसनावर निजवले. निघालो. गतिरोधक आला की मी तिच्याकडे पाहत होतो. ही सवय आजवर का नव्हती, याचे उत्तर देता येत नाही. पहिल्या गतिरोधकाला तिचा हात दाराच्या मुठीकडे गेला. दुसऱ्यालाही गेला, पण मूठ पकडली नाही. बाजाराच्या त्या खोदलेल्या रस्त्यावरून मी मुद्दाम जाणार नव्हतो, तर तिनेच बोटाने तिकडे दाखवले. मोठ्या बाईंचे घर आले. व्हरांड्यात कोणी नव्हते. तेथे मी कडेला गाडी थांबवली, तिने न सांगता. तिने माझ्याकडे पाहिले. बरेच बोलावेसे वाटले, बोललो नाही. थोड्या वेळाने तिने पुढे चला अशी मान हलवली.

नंतर केव्हातरी पाहिले, तर तिला झोप लागली होती. तोंड किंचित उघडे, मूठ सुटून तळहात मांडीवर उताणा पडलेला. शस्त्रक्रियेपासून ती अशी औषधाशिवाय झोपलेली मी पाहिली नव्हती.

घर आले, तरी मी थांबलो नाही. इंजिन बंद केले असते तर ती जागी झाली असती. तसाच पुढे गेलो, वळलो, पुन्हा घरावरून गेलो. एकदा वाट सभागृहावरून गेली. निरूपण सुटत होते; गाडी ओळखून पायऱ्यांवरच्या चौघापाचांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. माझे दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर होते, आणि पुढे एक खड्डा होता.

हे लिहीत असताना ती आत जागी आहे आणि चहा कुठे अडला म्हणून विचारते आहे. आवरतो.

ज्याच्या कोणाच्या हाती हे पान पडेल, त्याचा रस्ता सुखाचा होवो. त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला निर्धास्त झोप लागो. आणि कोणी 'थांब' म्हटले, तर ते त्याला पहिल्याच हाकेला ऐकू येवो. सर्वांचे कल्याण असो.